ढगातले मीठ आणि आभाळातली रेघ

देशाच्या पावसाच्या सलग नोंदी १९०१पासूनच्या आहेत. त्या सगळ्या नोंदींत ऑगस्ट २०२३ इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही; देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी झाला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्र सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत नंदुरबार तालुका आहे. पाऊस अशी ओढ देतो तेव्हा महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात एक बोलणे हमखास कानावर येते: विमाने फिरवून ढग पळवले. अलीकडे मोबाइलवरून त्याला परदेशातला एक दावा येऊन जोडला गेला आहे. उंचावरून जाणाऱ्या विमानामागे जी पांढरी रेघ उमटते ती वाफेची नसून गुपचूप फवारलेल्या रसायनाची आहे, असा तो दावा. 'केमट्रेल' या नावाने तो जगभर फिरतो.

तपासाला बसायचे तर हे दोन दावे आधी वेगळे करायला हवेत, कारण त्यांचे कागद वेगळे आहेत. पहिला प्रश्न रेघेचा: ती कशाची आहे? दुसरा विमानाचा: विमानातून ढगांत काही टाकून पावसात ढवळाढवळ करण्याचा प्रयत्न भारतावर, महाराष्ट्रावर कधी झाला आहे का? पहिल्याचे उत्तर 'वाफेची' असे निघाले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप 'नाही' होत नाही. बहुतेक वाद इथेच घसरतात.

रेघेचे कागद आधी पाहू, कारण ते जुने आणि निःसंदिग्ध आहेत. दुसऱ्या महायुद्धात युरोपवर उडणाऱ्या बाँबफेकी विमानांमागच्या लांबच लांब पांढऱ्या रेघांची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. वैमानिकांना त्या रेघा नकोशा होत्या, कारण शत्रूला विमानाची जागा त्यांवरून कळे. त्या कशा बनतात हे शोधणे ही लष्करी गरज होती. जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये त्याचे गणित मांडले आणि अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये ते तक्त्यात बसवले. एक किलो विमान-इंधन जळले की साधारण सव्वा किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. बाहेरची हवा उणे ४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असेल, तर ही वाफ क्षणात गोठून तिचे बर्फाचे बारीक कण होतात. वरची हवा कोरडी असेल तर रेघ विमानामागे थोडी दिसते आणि विरते. तीच हवा दमट असेल तर रेघ तासन्‌तास टिकते, पसरते, पिंजून तंतुमेघासारखी होते. म्हणजे एकाच दिवशी दोन विमानांच्या रेघा वेगळ्या का वागतात, या नेहमीच्या शंकेचे उत्तर आरोपाच्या चाळीसेक वर्षे आधी छापून झालेले होते. श्मिट आणि ॲपलमन यांना कोणत्याही आरोपाला उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून त्यांची साक्ष मला अधिक वजनदार वाटते.

आरोपाचे कागद १९९६पासून सुरू होतात. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी २०२५ सालापर्यंत हवामानावर ताबा मिळवता येईल का, अशा विषयावर एक निबंध लिहिला. केमट्रेलचे समर्थक पुरावा म्हणून तोच पुढे करतात. निबंध खरा आहे, पण त्याच्या सुरुवातीलाच छापलेला खुलासा या उद्धरणांत गळतो: हा भविष्याची कल्पना करणारा अभ्यास आहे, हवाई दलाचे धोरण नव्हे. त्यातून लष्करी अधिकाऱ्यांची इच्छा सिद्ध होते, कृती नाही. दुसरा कागद २ ऑक्टोबर २००१चा. डेनिस कुसिनिच यांनी अमेरिकन प्रतिनिधिगृहात मांडलेल्या विधेयक क्रमांक २९७७ मध्ये बंदी घालायच्या शस्त्रांच्या यादीत 'केमट्रेल' हा शब्द आहे. पण विधेयक मांडले जाणे म्हणजे त्यातली गोष्ट सिद्ध होणे नव्हे. शिवाय जानेवारी २००२च्या सुधारित मसुद्यात तो शब्द राहिला नाही. तिसरा कागद उलट बाजूचा आहे. २०१६ मध्ये वातावरणशास्त्राच्या आणि भू-रसायनाच्या ७७ तज्ज्ञांना विचारणा झाली. त्यांपैकी ७६ जणांनी गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नसल्याचे सांगितले. उरलेल्या एकाने एका दुर्गम भागातल्या हवेत बेरियमचे प्रमाण अनपेक्षितपणे जास्त आढळल्याचे नोंदवले. तो आकडा वगळून '७७पैकी ७७' म्हणणे सोयीचे झाले असते. अभ्यासकांनी तो तसाच ठेवला, यामुळे त्या पाहणीवर माझा विश्वास वाढतो.

रेघेपुरता निकाल इथे लागतो. पण शंका घेणाऱ्या माणसाला इथूनच घरी पाठवले तर त्याच्यावर अन्याय होईल, कारण दुसऱ्या प्रश्नाची फाइल जाड आहे.

तिचे पहिले पान १९५१चे आणि ते महाराष्ट्रातलेच आहे. त्या वर्षी टाटांच्या कंपनीने पश्चिम घाटावर जमिनीवरची यंत्रे वापरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर ढगांकडे सोडला. भारतातल्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांची सुरुवात बहुतेक अभ्यासक याच प्रयोगापासून धरतात. यात विमान नव्हते आणि लपवाछपवीही नव्हती.

लपवाछपवी १९६७ मध्ये सापडते. लागोपाठ १९६५ आणि १९६६ असे दोन पावसाळे हुकले होते, बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेश होरपळत होते. अमेरिकेचा गहू राष्ट्राध्यक्ष जॉन्सन हात राखून, हप्त्याहप्त्याने सोडत होते. दिल्लीत इंदिरा गांधींचे सरकार होते आणि फेब्रुवारीत लोकसभेच्या निवडणुका होत्या. याच काळात अमेरिकन विमानांनी बिहारवरच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड टाकून पाऊस पाडण्याचा प्रयत्न करावा, असे दोन्ही सरकारांत ठरले. प्रकल्पाचे नाव 'ग्रोमेट'. तंत्र आणि माणसे कॅलिफोर्नियातल्या चायना लेक इथल्या नौदलाच्या शस्त्र-प्रयोगशाळेची होती. पिअर सेंट अमांड हे तिथले शास्त्रज्ञ त्यात प्रमुख होते. अमेरिकन परराष्ट्र खात्याने पुढे खुल्या केलेल्या कागदांत आणि क्रिस्टिन हार्पर यांच्यासारख्या इतिहासकारांच्या संशोधनात हे सारे आले आहे. बाहेर बोलायची वेळ आलीच तर शेती आणि हवामानाचे संयुक्त संशोधन एवढेच सांगायचे, अशी भाषा ठरवून घेतली होती.

या कागदांतून काय निश्चित होते? परकीय लष्कराशी संबंधित यंत्रणेने भारताच्या आकाशात ढगांत रसायन टाकले, भारत सरकारला ते ठाऊक होते, आणि ज्यांच्या शेतावर ते ढग होते त्यांना ते सांगितले गेले नाही. तीनही गोष्टी पक्क्या आहेत. प्रयत्न फसला हेही तितकेच पक्के. भर हिवाळ्यात बिहारवर बीजनाला, म्हणजे ढगांत असे कण पेरण्याला, योग्य ढगच फारसे आले नाहीत, आणि ढग नसेल तर सिल्व्हर आयोडाइड काही करू शकत नाही. हे तंत्र असलेल्या ढगाला ढकलते. नसलेला ढग ते निर्माण करत नाही.

आता तर्काचा भाग. १३ जानेवारी १९६७ तारखेचे एक टिपण उपलब्ध आहे. परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी कोलर यांनी ते परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांना लिहिले आहे. विषय आहे 'पोपाय': लाओस आणि उत्तर व्हिएतनाममधल्या रसदीच्या वाटा चिखलात बुडवण्यासाठी ढगांवर फवारणी. तारीख बिहारच्या मोहिमेला भिडणारी, प्रयोगशाळा तीच. बिहार ही युद्धातल्या शस्त्राची रंगीत तालीम होती का, असा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येणारच. पण त्याच टिपणात असे आहे की पोपायची चाचणी ऑक्टोबर १९६६ मध्ये लाओसच्या दक्षिण पट्ट्यात आधीच उरकली होती. तालीम बिहारच्या आधी झाली होती. उलट दिशेचा तर्क मला जास्त पटतो: युद्धासाठी तयार झालेले तंत्र दुष्काळाच्या मदतीला आणले गेले, आणि ते गुप्त ठेवावे लागले त्याला तंत्राचा हा युद्धातला जन्म हेही एक कारण असावे. हा माझा अंदाज आहे, कागदावरचे वाक्य नाही.

पोपायची आकडेवारी मात्र कागदावर आहे. २० मार्च १९६७ ते ५ जुलै १९७२ या काळात २,६०२ उड्डाणे झाली आणि ४७,४०९ बीजन-नळकांड्या सोडल्या गेल्या. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे मार्च १९७४ मध्ये ही माहिती बंद दाराआड दिली गेली आणि मे महिन्यात छापून खुली झाली. त्यातूनच हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार घडला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो डिसेंबर १९७६ मध्ये स्वीकारला, ऑक्टोबर १९७८ मध्ये तो अमलात आला, आणि त्याच वर्षी भारतही त्यात सामील झाला. इतके मोठे गुपित पाच वर्षे चालले आणि सुमारे सात वर्षांत उघड झाले. वैमानिक, मेकॅनिक, नळकांड्यांचा साठा, इंधनाची बिले एवढा पसारा असलेले ते गुपित बाहेर पडलेच. केमट्रेलच्या दाव्यात याहून कितीतरी पट मोठे काम, जगभरच्या प्रवासी विमानांतून, पंचवीस-तीस वर्षे चालू असल्याचे गृहीत आहे. त्याचे एकही बिल नाही.

इथे एका भारतीय कागदाची दखल घ्यावी लागते. संसदेच्या लोकलेखा समितीने एप्रिल १९७५ मध्ये आपला १६७वा अहवाल दिला. विषय होता भारतातल्या संशोधनातला परदेशी सहभाग. दिल्लीतले डासांवरचे जनुकीय प्रयोग आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा स्थलांतरित पक्ष्यांचा अभ्यास यांच्यामागचा पैसा कोणाचा आणि हेतू कोणता, हे समितीने खोदून विचारले. साऱ्या शंका खऱ्या ठरल्या असे नाही. पण त्या काळातला संशय हा अडाण्यांचा संशय नव्हता, तो संसदेच्या पटलावर छापलेला होता.

तोवर महाराष्ट्रात एक उघड, संथ आणि माझ्या मते आपल्याकडे फार कमी ओळखला गेलेला प्रयोग सुरू झाला होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बारामती परिसरातल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात १९७३, १९७४, १९७६ आणि मग १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे ढगांत मीठ टाकले. मीठ म्हणजे अक्षरशः मीठ. गुठळ्या होऊ नयेत म्हणून दहा भाग मिठात एक भाग संगजिरे घालून दळलेली भुकटी, कणांचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. डकोटा जातीचे डीसी-३ विमान ढगाच्या तळापासून दोन-तीनशे मीटर वर घुसवायचे आणि वाटेभर भुकटी सोडत जायची. मिठाचा कण बाष्प ओढतो, थेंब मोठा होतो, मोठा थेंब लहान थेंबांना गिळत खाली येतो.

प्रयोगाची आखणी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. प्रदेशाचे तीन पट्टे केले होते: एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा, आणि दोहोंमध्ये कोणीही हात न लावायचा एक. कोणत्या दिवशी उत्तरेत मीठ पडणार आणि कोणत्या दिवशी दक्षिणेत, हे शास्त्रज्ञाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठीसारखे यदृच्छेने ठरे. मग दोन्ही पट्ट्यांतल्या पर्जन्यमापकांचे आकडे शेजारी ठेवायचे. अकरा पावसाळ्यांच्या शेवटी हिशेब निघाला: मीठ टाकलेल्या बाजूला पाऊस २४ टक्के जास्त, आणि हे केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात चार. अकरा पावसाळ्यांच्या कष्टांनंतरही त्यांनी ते चार सोडून दिले नाहीत.

त्यानंतरची पाने भराभर उलटता येतील. राज्य सरकारने २००३ आणि २००४ मध्ये कंत्राट देऊन विमानाने कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, २०१५ मध्ये औरंगाबादला तळ ठेवून पुन्हा केले. मे २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने ३० कोटी रुपये मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये औरंगाबादहून विमाने उडाली. २०१८ आणि २०१९ या पावसाळ्यांत पुण्याच्याच संस्थेने सोलापूरला तळ ठेवून २७६ ढगांचा अभ्यास केला, काहींवर बीजन करून आणि काही मुद्दाम तसेच सोडून. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के वाढ.

त्या शेवटच्या आकड्यात दुष्काळाच्या यादीतल्या नंदुरबारसाठी महत्त्वाची गोष्ट आहे. १०० चौरस किलोमीटर म्हणजे दहा किलोमीटर लांब-रुंद तुकडा. सोलापूरहून नंदुरबार सरळ रेषेत सुमारे ४५० किलोमीटर, बारामतीहून ३६०, औरंगाबादहून २००. पावसाळ्यातले खालचे ढग नंदुरबारला अरबी समुद्राकडून, सुरत आणि नवापूरच्या बाजूने येतात. मराठवाड्यावर केलेले काहीही या ढगांच्या वाटेत पुढे येते, मागे नाही. मोठा पाऊस देणारे कमी दाबाचे पट्टे बंगालच्या उपसागरातून सातपुड्याच्या कडेने पश्चिमेला येतात, ते मात्र पूर्वेकडून. तेव्हा औरंगाबादच्या विमानाने नंदुरबारचा पाऊस अडवला, या आरोपाला दिशेची अर्धी बाजू मिळू शकते. पण शेकडो किलोमीटर पसरलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यापुढे दहा किलोमीटरच्या तुकड्याचे काय चालणार? दिशा जुळली तरी माप जुळत नाही.

आणि रेघेशी तर काहीच जुळत नाही. कृत्रिम पावसाचे विमान छोटे, पंख्याच्या इंजिनाचे. मिठाचे किंवा कॅल्शियम क्लोराइडचे बीजन ढगाच्या तळाशी, जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर होते. सिल्व्हर आयोडाइडचे पाच-सात किलोमीटरवर, ढगाच्या पोटात. तिथे काय चालले आहे ते खालून दिसतच नाही. रेघ उमटते ती दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मोकळ्या आभाळात, जेटच्या मागे. ऋतूही उलटा. खान्देशावर त्या उंचीची हवा पुरेशी थंड होते ती मुख्यतः हिवाळ्यात. पावसाळ्यात साधारणपणे ती इतकी थंड नसते आणि रेघ सहज उमटत नाही. तक्रार ऑगस्टची आणि रेघ जानेवारीची, असा हा खटला आहे.

तरीही बघणाऱ्याचा डोळा खोटे बोलत नाही. उघाडीच्या काळात आभाळ निरभ्र असते, एरवी ढगांआड जाणारे विमान दिसते, आवाज स्पष्ट येतो. विमान दिसले आणि ढग नव्हते, ही नोंद अचूक आहे. विमानाने ढग नेले हे तिच्यावर चढवलेले अनुमान. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यावरही पाऊस पळवल्याचा ठपका असाच आला होता. साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेलचे पवनचक्क्यांचे रान तर नंदुरबारच्या शेजारीच आहे.

हिवाळ्यातली नोंद याहून रोचक आहे. पश्चिमी झंझावात जवळ येतो तेव्हा वरच्या थरातली हवा आधी दमट होते. त्या दिवशी विमानांच्या रेघा विरत नाहीत, आभाळभर पसरतात. एक-दोन दिवसांनी ढग येतात आणि कधी अवकाळी पाऊस पडतो. नंदुरबारला या दिवसांत लाल मिरची पथाऱ्यांवर वाळत घातलेली असते. उघड्या जमिनीवर पसरलेल्या त्या मिरचीला एक सर पुरते. मिरची काळी पडते, भाव उतरतो. नोव्हेंबर २०२३च्या अखेरीस गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राला अवकाळीने झोडपले, तेव्हा ऑगस्टच्या कोरड्या महिन्यातून वाचलेल्या मालावरच पाणी पडले. ज्याने आदल्या दिवसांत टिकून राहिलेल्या रेघा पाहिल्या असतील त्याने रेघ आणि पाऊस यांची जोडी लावली तर ती निरीक्षण म्हणून बरोबरच आहे. फक्त कारण आणि परिणाम यांची जागा बदलायला हवी: वरच्या दमट हवेमुळे रेघ टिकते, आणि तीच दमट हवा पुढच्या ढगांची आगाऊ खबर असते.

मग एखाद्याला खरेच दाखवायचे असेल की नंदुरबारवर विमानाने काही टाकले गेले, तर काय लागेल? पोपाय आणि बारामती यांच्या कागदांवरून ते नेमके सांगता येते. उड्डाणाची वेळ, अक्षांश-रेखांश आणि उंची असलेली विमानाची नोंदवही, जाळलेल्या नळकांड्यांची किंवा सोडलेल्या मिठाची मोजदाद, आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले त्याची टिपणी. सरकारी पैशाने झालेल्या मोहिमांची ही कागदपत्रे २००५च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागता येतात. त्यांच्या शेजारी ठेवायला दुसरा कागद जिल्ह्यातच आहे: पावसाळ्यात रोज भरली जाणारी महसूल मंडळनिहाय पर्जन्यनोंद. उड्डाणाच्या दिवसाची तारीख, वाऱ्याची दिशा आणि त्या दिशेच्या मंडळांतले मिलिमीटर. तुलना करायची ती शेजारच्या, विमान न फिरलेल्या मंडळांशी, आणि एका दिवसाची नव्हे तर अनेक पावसाळ्यांची. बारामतीत अकरा पावसाळे हेच केले गेले.